तार कोठे तुटली?

औषध देणारे पुष्कळ भेटतात. दुखणे नेमके कोठे आहे हे सांगणारा विरळा. माणसाच्या शरीराचे हे जसे खरे, तसेच माणसाने उभारलेल्या यंत्रांचेही खरे आहे. विहिरीवरचा पंप बंद पडला, तर तो दुरुस्त करायला अर्धा तास पुरतो. पण बिघाड मोटारीत आहे, वायरीत आहे की खांबावरच्या फ्यूजमध्ये, हे शोधण्यात सकाळची दुपार होते. आणि ज्या यंत्राचे एक टोक आपल्या ओसरीत अन् दुसरे टोक समुद्रापलीकडे आहे, त्याचे दुखणे शोधायचे म्हणजे काय प्रकार असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

असे एक यंत्र आज आपल्या घराघरांत आहे. दिवाळीच्या सुटीत परगावचे लेक-जावई येतात, नातवंडे येतात, आणि नेमके त्याच दिवशी घरातल्या संगणकावरचे इंटरनेट बंद पडते. मग घरात चार मते होतात. थोरला म्हणतो, कंपनीचा दोष. धाकटी म्हणते, संगणक जुना झाला. आजोबा म्हणतात, पावसाने झाले असेल. आणि ज्याला काहीच ठाऊक नसते, तो सर्वांत ठामपणे सांगतो, "सर्व्हर डाउन आहे!" पूर्वी आपण 'ग्रह फिरले' म्हणत असू, त्या शब्दांची जागा आता या दोन शब्दांनी घेतली आहे. दोहोंचा उपयोग एकच: शोध थांबवायचा आणि स्वस्थ बसायचे.

परंतु वाचकहो, लांबवर गेलेल्या तारेतला दोष एका जागी बसून हुडकून काढण्याची विद्या आपल्या देशात पावणेदोनशे वर्षांची आहे. तिचा इतिहास मोठा रंजक आहे आणि आजही घरात उपयोगी पडावा असा आहे. त्या विद्येचा पाया म्हणजे दिसणाऱ्या खुणेवरून न दिसणाऱ्या गोष्टीचा माग काढणे. आणि त्याचे एक नामांकित उदाहरण तर आमच्या केळणा नदीच्या काठीच घडलेले आहे.

जाफराबाद हे गाव केळणा आणि पूर्णा या नद्यांच्या संगमावर वसले आहे. याच केळणेच्या वरच्या अंगाला असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली याची लढाई झाली. मराठी फौज नदीपलीकडे होती. वेलस्लीला नदी ओलांडायची होती, आणि वाटाडे सांगत होते की येथे उतार नाही. वेलस्लीने दुर्बीण लावली. नदीच्या अलीकडे पिंपळगाव आणि पलीकडे वरूड अशी दोन खेडी त्याला अगदी समोरासमोर दिसली. त्याने विचार केला, की दोन गावे इतकी जवळजवळ समोरासमोर वसली आहेत, त्या अर्थी त्यांचे एकमेकांकडे जाणेयेणे असलेच पाहिजे. आणि जाणेयेणे आहे तर उतारही असला पाहिजे. तो निघाला. उतार सापडला. पुढे काय झाले ते आपल्या दृष्टीने दुःखाचे आहे आणि ते सर्वांना ठाऊक आहे. आपल्याला येथे एवढेच घ्यायचे, की रस्ता चालू आहे की बंद हे त्याने ऐकीव मतावर ठरविले नाही. जे डोळ्यांना दिसत होते त्यावरून त्याने अनुमान बांधले आणि लगेच पायाने पडताळून पाहिले. शत्रूपासूनही शिकावे असे जे असते, ते हे.

त्या लढाईची बातमी हरकाऱ्यांनी आणि घोडेस्वारांनी नेली. इंग्लंडपर्यंत पोहोचायला तिला जहाजातून महिने लागले. वाट अडली तर शोधायचे काय, तर माणूस. हरकारा कोठल्या चौकीपर्यंत पोहोचला आणि कोठल्या चौकीला आला नाही, एवढे कळले की अडचण त्या दोन चौक्यांच्या मध्ये आहे, हे उघड होते. ही साधी गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढचे सारे शास्त्र याच गोष्टीवर उभे आहे.

हिंदुस्थानात तारयंत्र आणणारा माणूस पेशाने डॉक्टर होता, ही मौजेची गोष्ट आहे. विल्यम ब्रुक ओशॉनेसी हे त्याचे नाव. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात तो रसायनशास्त्र शिकवीत असे. १८३९ मध्ये त्याने कलकत्त्याजवळ मैलोगणती तार लावून तीतून खुणा पाठविण्याचे प्रयोग केले. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी पहिली लाइन सुरू झाली. १८५४ पर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास ही शहरे तारेने जोडली गेली आणि १८५५ मध्ये ती सामान्य लोकांसाठी खुली झाली.

युरोपात तार बारीक असे. येथे ती टिकणार नाही हे या डॉक्टराने ओळखले. आपल्याकडे माकडे तारेवर झोके घेणार, घारी-गिधाडे बसणार, लाकडी खांबांना वाळवी लागणार आणि पावसाळ्यात सगळेच ओलेचिंब होणार. म्हणून त्याने तारेऐवजी जाड लोखंडी सळईच वापरली. तरीही बिघाड व्हायचे ते होतच. ते बिघाड तीन जातींचे असत. एक, तार तुटणे. दुसरा, तार कोठेतरी जमिनीला लागून वीज मातीत जाणे. तिसरा, दोन तारा एकमेकींना चिकटून एकीचा निरोप दुसरीत मिसळणे. आजही कोणत्याही वायरीचे दुखणे पाहा, बहुतेक वेळा या तिहींपैकीच एक निघते.

शेकडो मैलांच्या तारेत दोष कोठे, हे कसे कळायचे? पहिली रीत हरकाऱ्यांचीच होती. मधल्या एका कचेरीला विचारायचे, "तुम्हाला ऐकू येते काय?" तिला ऐकू आले, तर अलीकडचा अर्धा भाग निर्दोष ठरला, मग उरलेल्या अर्ध्याच्या मध्यावरच्या कचेरीला विचारायचे. सोळा टप्प्यांची लाइन असेल, तर पहिल्या प्रश्नाला आठ टप्पे उरतात, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला दोन आणि चौथ्या प्रश्नाला दोष हाती येतो. सोळा कचेऱ्यांच्या दारी जायचे काम चार प्रश्नांत होते. शाळेतल्या मुलांना हे गणित मी नेहमी घालतो. त्यांना ते जादूसारखे वाटते.

दुसरी रीत मोजमापाची. विजेला तारेतून जाताना अडथळा होतो आणि तारेची लांबी जितकी अधिक तितका अडथळा अधिक. इंग्लंडात सॅम्युअल ख्रिस्टी याने १८३३ मध्ये हा अडथळा मोजण्याची युक्ती काढली, आणि चार्ल्स व्हीट्स्टन याने १८४३ मध्ये ती प्रसिद्धीस आणली. ही युक्ती म्हणजे विजेचा तराजूच होय: एका पारड्यात ठाऊक असलेला अडथळा, दुसऱ्यात ठाऊक नसलेला, काटा मध्यावर आला की वजन कळले. समजा, एका मैलाच्या तारेचा अडथळा दहा एकक आहे आणि जमिनीला लागलेल्या तारेत मोजमाप एकशेवीस भरले, तर दोष बाराव्या मैलाच्या आसपास आहे. मग लाइनमन थेट बाराव्या मैलावर जाई. हिंदुस्थानच्या तारखात्यात लुई श्वेंडलर नावाचा एक जर्मन विद्युत्‌तज्ज्ञ होता. तारांची तपासणी कशी करावी यावर त्याने १८७० च्या दशकात सविस्तर सूचनांचा ग्रंथ लिहिला. हाच गृहस्थ कलकत्त्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयाच्या संस्थापकांपैकी एक होता. ज्यांनी त्याच्या तारा खराब केल्या त्यांनाच त्याने पिंजऱ्यात घातले, असे कोणी गमतीने म्हणेल!

या तारखात्याची शिस्त मोठी होती. लाइन बिघडल्यावरच नव्हे, तर ती उत्तम चालत असतानाही वरचेवर मोजली जाई आणि ते आकडे वहीत लिहून ठेवले जात. निरोगी लाइन कशी असते हे ठाऊक नसेल, तर आजारी लाइन ओळखायची कशी? नाडी पाहणारा वैद्यही आधी निरोग्याचीच नाडी शिकतो.

आमच्या भागात हे सारे उशिरा पोहोचले. १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी रेल्वे जालन्यावरून गेली आणि रुळांच्या कडेने तारांचे खांब उभे राहिले. जाफराबाद लोहमार्गापासून दूर. तेव्हा आम्ही निजामाच्या राज्यात होतो; १९४८ मध्ये त्यातून सुटलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात आलो आणि १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाल्यावर त्यात गेलो. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ मध्येच सुरू झाले होते; पण तालुक्याच्या गावी फोन म्हणजे अपूर्वाई होती. ट्रंक कॉल नोंदवावा आणि वाट पाहत बसावे. मात्र त्या काळी एक सोय होती, तिची आठवण आज येते. तारेच्या मध्ये माणूस बसलेला असे. "पुढच्या एक्स्चेंजपर्यंत लागतोय, त्याच्यापुढे लाइन खराब आहे," असे ऑपरेटर सांगे. त्या एका वाक्यात निदान पुरे होई. बंद का आहे हे तो सांगत नसे; चालू कोठवर आहे हे सांगे. आणि चालू कोठवर आहे हे कळले, की बंद कोठे आहे हे आपोआप कळते.

पुढे तारेच्या मधला हा माणूस हळूहळू उठून गेला. १९६० मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये ऑपरेटरशिवाय परगावी थेट फोन लावण्याची सोय देशात प्रथम झाली. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था निघाली. तिने खेड्यांसाठी लहानसे एक्स्चेंज बनविले. त्याला गार हवेच्या खोलीची गरज नव्हती. त्यातले पहिले १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला बसले. मग गावोगावी पिवळ्या पाट्यांची एसटीडीची दुकाने आली आणि रात्री दर उतरल्यावर तेथे रांगा लागू लागल्या.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सुरू केले. ते टेलिफोनच्या तारेवरूनच येई. मोडेम नावाची पेटी नंबर फिरवी, किंचाळल्यासारखा आवाज करी आणि दैव बरे असेल तर जोडणी होई. पहिले दिवस फार त्रासाचे गेले. जोडणी लागेना, लागली तर टिकेना. निगमचे तेव्हाचे प्रमुख ब्रिजेंद्र सिंगल यांनी तयारीत चूक झाल्याचे उघडपणे मान्य केले, ही आपल्याकडे दुर्मिळ गोष्ट. वेग सेकंदाला ९,६०० बिटांचा धरला, तर आजच्या मोबाइलमधला दहा लाख बाइटांचा एक फोटो यायला चौदा मिनिटे लागली असती. त्या काळी जाणती माणसे आधी टेलिफोन उचलून कानाला लावीत. खरखर ऐकू आली की समजावे, जोडात पाणी गेले आहे. संगणकाला हात लावण्याचे कारण नाही.

इंटरनेटमध्ये मधला माणूस नाही, मग "तुम्हाला ऐकू येते काय?" हा प्रश्न कोणाला विचारायचा? याचे उत्तर अमेरिकेतल्या माइक म्यूस या संशोधकाने डिसेंबर १९८३ मध्ये दिले. त्याच्या जाळ्यात काही बिघाड होता, आणि तो शोधण्यासाठी त्याने एका बैठकीत 'पिंग' नावाचा एक छोटा कार्यक्रम लिहिला. पाणबुडी पाण्यात आवाज सोडते आणि प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळावरून समोरच्या वस्तूचे अंतर ओळखते. 'पिंग' हे त्या आवाजाचे नाव. हा कार्यक्रम दूरच्या यंत्राला हाक मारतो, ते यंत्र 'ओ' देते, आणि हाक व ओ यांत किती वेळ गेला ते पडद्यावर दिसते. एका गृहस्थाने आपल्या संगणकाला प्रत्येक 'ओ'गणिक मोठ्याने आवाज करायला लावले आणि तो इमारतभर एकेक वायरीचा जोड हलवीत फिरला. जेथे हात लावताच आवाजात खंड पडला, तेथे दोष सापडला. आमच्या लाइनमनहून त्याची रीत वेगळी ती काय?

त्याच दशकाच्या अखेरीस व्हॅन जेकबसन याने 'ट्रेसराउट' लिहिले. इंटरनेटवरच्या प्रत्येक पाकिटावर टप्प्यांचा एक आकडा असतो. प्रत्येक चौकी त्यातून एक वजा करते आणि शून्य झाले की पाकीट टाकून देऊन पाठविणाऱ्याला तसे कळविते. जेकबसनने मुद्दामच एक आकड्याचे पाकीट पाठविले, मग दोनचे, मग तीनचे. पहिल्या चौकीची पावती आली, दुसरीची आली, आणि कोठे येईनाशी झाली त्यावरून दोषाचा ठाव घेता येऊ लागला. मात्र काही चौक्या मुद्दाम पावती देत नाहीत. एखादी गप्प राहिली आणि तिच्यापुढची बोलली, तर वाट चालू आहे असेच समजावे.

आता हीच रीत आपल्या घरात कशी लावायची ते पाहा. पहिली चौकी आपला संगणक. १२७.०.०.१ हा प्रत्येक संगणकाचा स्वतःपुरता पत्ता. त्याला मारलेली हाक बाहेर जातच नाही. तेथून 'ओ' आली नाही, तर दोष आतच आहे. दुसरी चौकी राउटरची पेटी. ती घरातल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता देते. संगणकाचा पत्ता १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळाला नाही म्हणून संगणकाने स्वतःच एक घेतला आहे, असे समजावे. बिघाड बहुधा वायरीत, वायफायमध्ये किंवा पेटीत आहे. राउटरने 'ओ' दिली, तर ओसरीपर्यंत सर्व ठीक. तिसरी चौकी वेशीबाहेरची: एखाद्या दूरच्या यंत्राला आकड्यांच्या पत्त्यावर हाक मारावी. ती लागते, पण नावाने मारलेली हाक लागत नाही, तर वाट शाबूत आहे आणि नावावरून आकडा सांगणारी वही सापडत नाही. ही वही पॉल मोकापेट्रिस याने १९८३ मध्ये आखली; तिच्यावाचून आपल्याला प्रत्येक ठिकाणाचे आकडे पाठ करावे लागले असते.

भारत संचार निगमची ब्रॉडबँड सेवा २००५ मध्ये आली आणि बोलणे व इंटरनेट एकाच तारेवरून जाऊ लागले. दोहोंना वेगळे करणारी छोटी डबी लावायची राहिली, तर फोनवर खरखर आणि इंटरनेटला धाप, असा प्रकार होई. आता तारेची जागा काचेच्या तंतूने घेतली आहे आणि त्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो. पेटीवर 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल झाला, की बाहेरून प्रकाशच येत नाही असे समजावे. तंतू तुटला असेल, उंदराने कुरतडला असेल किंवा कपाटामागे करकचून वाकला असेल. तंतू तुटलेली जागा शोधणारे यंत्रही प्रतिध्वनीवरच चालते. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात तो परत आला, तर जाऊन-येऊन वीस किलोमीटर झाले. म्हणजे तूट दहा किलोमीटरवर आहे. श्वेंडलरचा बारावा मैल तो हाच.

कधी दोष खरोखरच समुद्रात असतो. १८७० मध्ये सुवेझ-एडनमार्गे मुंबईला समुद्री तार आली. आज त्याच वाटेने काचतंतूंच्या केबली येतात. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या आणि भारताची जवळजवळ निम्मी आंतरराष्ट्रीय वाहतूक खोळंबली. पण असे प्रसंग विरळा. आपल्या गल्लीतला दोष बहुधा गल्लीतच असतो: रस्ता खोदणाऱ्या जेसीबीत, पावसात भिजलेल्या जोडात किंवा पलंगाखाली गेलेल्या वायरीत.

या इतिहासात मला एक गोष्ट विशेष दिसते. तार करणारा माणूस कागद खिडकीत देऊन घरी जाई. तार पोहोचविणे आणि तिचा बिघाड शोधणे हे खात्याचे काम होते. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. टेलिफोनचे यंत्रही पूर्वी खात्याचेच असे. आता संगणक आपला, राउटर आपल्या भिंतीवर, वायर आपल्या कपाटामागे, आणि मदतकेंद्रातला आवाज आपल्यालाच सांगतो, "पेटी बंद करून पुन्हा चालू करा." दोष शोधण्याचे काम असे घरात आले, पण ते करण्याची विद्या मात्र कोणी घरात आणून दिली नाही.

ही तक्रार चैनीची नाही. २०२० साली शाळांची दारे बंद झाली, तेव्हा कित्येक मुलांची शाळा या तारेच्या टोकाला लोंबकळत होती. आज प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्ती, पीकविमा, सातबारा, सारे याच वाटेने जाते. शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी तार बंद असली, तर कोणाचे वर्ष जाते, कोणाचा विमा जातो. ज्याला दोष कोठे आहे हे सांगता येते, त्याची तक्रार ऐकली जाते. ज्याला "चालत नाही हो" एवढेच सांगता येते, तो ताटकळतो. आमच्या शाळेतल्या एका मुलीने बारावीनंतरच्या प्रवेशाच्या दिवसांत फोनवर शांतपणे सांगितले, "वायफाय ठीक आहे, राउटर ओ देतो, पण लाल दिवा आहे, बाहेरून प्रकाश येत नाही." त्या दिवशी माणूस घरात न शिरता थेट खांबाकडे गेला आणि तासाभरात काम झाले. तिचे वडील शेतकरी. त्यांना वाटले, पोरीने काही मंत्रच म्हटला. मंत्र कसला? चालू कोठवर आहे, एवढेच तिने सांगितले होते.

दिवाळीत आपल्याकडे वहीपूजन होते. यंदा घरच्या वहीत एक पान या तारेसाठीही राखावे. लाइन उत्तम चालत असेल अशा दिवशी, जुन्या तारखात्याच्या शिस्तीने, त्यावर लिहून ठेवावे: पेटीवरचे कोणते दिवे हिरवे असतात, कोणता लुकलुकतो, राउटरचा पत्ता काय, दूरच्या यंत्राची 'ओ' किती वेळात येते, ग्राहक क्रमांक आणि तक्रारीचा नंबर कोणता. हे लिहायचे काम घरातल्या शाळकरी मुलाकडे द्यावे आणि आजी-आजोबांना ते मोठ्याने वाचून दाखवायला सांगावे. मग ज्या दिवशी तार तुटेल, त्या दिवशी चार जणांची चार मते होण्याऐवजी ते पान उघडता येईल आणि आपल्या उंबरठ्यापासून एकेक चौकी विचारीत बाहेर पडता येईल.